काशीचे अंतर: देशांतर, यान आणि तीर्थफळ

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून वाराणसीजवळच्या बाबतपूर येथील लालबहादूर शास्त्री आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १२५० किलोमीटर भरते, आणि पुण्याहून हेच अंतर सुमारे १२०० किलोमीटर आहे. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत आखूड कमानीची लांबी. तिला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात, कारण पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते त्याचाच तो एक तुकडा असतो. धावपट्टीपर्यंतचे रांगणे, चढण, उतरण आणि उतरण्याच्या परवानगीची वाट पाहणे हे सारे धरून या प्रवासाला दोन तासांच्या आसपास वेळ लागतो. नागपूर, जबलपूर आणि प्रयाग या जमिनीवरच्या मार्गाने पुणे ते काशी हे अंतर दीड हजार किलोमीटरांच्या घरात जाते, आणि रोज सहा कोस, म्हणजे वीसेक किलोमीटर, चालणाऱ्या यात्रेकरूला एका बाजूच्या प्रवासासाठीच अडीच महिने लागत. या दोन आकड्यांमधील तफावत ही वाहतुकीच्या इतिहासातील एक प्रगती म्हणून नोंदवून मोकळे होता येते. परंतु ज्या परंपरेने तीर्थयात्रेच्या फळाचा हिशेब पावलांवर आणि मृताशौचाचा हिशेब दिवसांवर मांडला, तिच्यापुढे ही तफावत एक खरा प्रश्न उभा करते: फळ अंतराचे असते, अंतर कापताना झालेल्या श्रमाचे असते, की केवळ तेथे पोहोचण्याचे असते?

हा प्रश्न मराठी माणसाच्या संदर्भात विचारायचा तर काशीतील राजा घाटासारखे ठिकाण सोयीचे आहे. दशाश्वमेध घाटाच्या दक्षिणेस, नारद घाटाला लागून असलेला हा घाट पूर्वी अमृतराव घाट म्हणून ओळखला जाई. मालवीय पुलाजवळचा राजघाट तो निराळा. या दोन नावांची गल्लत नेहमी होते. अमृतराव हे रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र आणि दुसऱ्या बाजीरावांचे थोरले बंधू. यशवंतराव होळकरांनी १८०२ मध्ये पुणे घेतल्यानंतर काही महिने राज्यकारभार अमृतरावांच्या हाती होता. पुढे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीशी झालेल्या करारानुसार सालीना सात लाख रुपयांचे वेतन स्वीकारून ते उत्तरेत गेले, आणि चित्रकूटजवळील करवी व काशी येथेच त्यांचे उर्वरित आयुष्य गेले. पुणे ते काशी हे अंतर त्यांच्यासाठीही तेवढेच होते, जेवढे एखाद्या चालत आलेल्या कोकणस्थ भिक्षुकासाठी होते. परंतु भिक्षुक गंगाजलाची कावड घेऊन परत फिरे आणि अमृतराव पुण्याच्या राजकारणात पुन्हा परतले नाहीत. अंतराचे मोजमाप केवळ लांबीने होत नाही, हे सांगण्यासाठी तत्त्वज्ञानाकडे जाण्याआधीच इतिहासाचा एवढा दाखला पुरेसा आहे.

धर्मशास्त्रात यात्रेच्या वाहनाचा विचार आश्चर्य वाटावे इतक्या बारकाईने झालेला आहे. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात बैलावर बसून प्रयागास जाणाऱ्याला नरकवास सांगितला आहे, त्याने दिलेले पाणी पितर घेत नाहीत असे म्हटले आहे, आणि ऐश्वर्याच्या, लोभाच्या किंवा मोहाच्या भरात यानातून, म्हणजे वाहनातून, केलेली यात्रा निष्फळ ठरवली आहे. मध्ययुगीन निबंधकारांनी, म्हणजे विखुरलेली वचने विषयवार गोळा करून त्यांचा मेळ घालणाऱ्या शास्त्रकारांनी, आणखी एक प्रतवारी नोंदवली आहे: बैलांच्या यानाने गोवधाचा दोष, घोड्याच्या यानाने यात्रा निष्फळ, माणसांनी वाहिलेल्या यानाने अर्धे फळ, आणि पायी जाणाऱ्यास चौपट. एका वेगळ्या वचनानुसार यान अर्धे फळ नेते, छत्री व पादत्राणे त्याच्या निम्मे नेतात, यात्रेत केलेला व्यापार तीन हिस्से नेतो आणि प्रतिग्रह, म्हणजे दान स्वीकारणे, सगळेच नेतो. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात ही वचने एकत्र मांडली आहेत, आणि ती वाचताना असे वाटते की शास्त्रकारांसमोर यात्रेकरूंची खरीखुरी वर्दळ होती. निव्वळ कल्पनेतून कोणी छत्रीचा हिशेब करत नाही.

या कोष्टकात पेशवाईतील यात्रा बसवून पाहिल्या तर निकाल फारसा सुखद लागत नाही. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ च्या फेब्रुवारीत पुण्याहून काशीयात्रेस निघाल्या आणि १७३६ च्या मध्यावर परतल्या. सव्वा वर्षाच्या या प्रवासात राजपूत दरबारांनी आणि मोगल सरदारांनी त्यांचा जो मानमरातब केला, त्याचा उपयोग बाजीरावांच्या उत्तरेकडील राजकारणाला झाला, हे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. व्यापार तीन हिस्से नेतो असे सांगणाऱ्या वचनाने राजकारण किती नेते ते सांगितलेले नाही. मौन सोयीचे होते, असे म्हणावेसे वाटते. अमृतरावांच्या दानाची गोष्ट तर याहून विचारात पाडणारी आहे. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर १८२४ च्या सप्टेंबरात काशीत होता, आणि त्याच सुमारास अमृतरावांचे निधन झाले. हेबरच्या प्रवासवर्णनात असे नोंदलेले आहे की वर्षातून एका ठरावीक दिवशी अमृतराव आपल्या बागेच्या दारी येणाऱ्या ब्राह्मणांना व याचकांना तांदळाचे ठरावीक माप आणि एक रुपया देत, आणि एकदा दान घेतलेल्याने पुन्हा रांगेत येऊ नये म्हणून त्याला संध्याकाळपर्यंत बागेतच थांबवून ठेवले जाई. दक्षिणेतून पायी आलेला एखादा ब्राह्मण त्या बागेत शिरला असेल, तर शास्त्राच्या काटेकोर हिशेबाने अडीच महिन्यांच्या चालण्याचे चौपट फळ त्याने एका रुपयासाठी गमावले असे म्हणावे लागेल. असा निष्कर्ष काशीतील कोणत्याही पंडिताने प्रत्यक्षात काढला नसता, आणि तो निघू नये यासाठीच ही वचने कोणत्या प्रकारची आहेत हे समजून घेणे आवश्यक आहे.

मीमांसाशास्त्रात मानलेल्या वचनांच्या प्रकारांपैकी दोन येथे कामाचे आहेत: एक विधी, जो कर्तव्य सांगतो, आणि दुसरा अर्थवाद, जो स्तुती किंवा निंदा करून त्या कर्तव्याकडे मन वळवतो. अर्धे, पाव, चौपट हे आकडे अर्थवादाच्या जातीचे आहेत. त्यांचा रोख फळाच्या वजनावर नसून यात्रेकरूच्या वृत्तीवर आहे. बाराव्या शतकात गाहडवाल राजा गोविंदचंद्राच्या पदरी असलेल्या लक्ष्मीधराने कृत्यकल्पतरू या ग्रंथात वाहनाचा निषेध प्रयागापुरता मर्यादित केला. दुबळ्यांना व वृद्धांना वाहनाची मुभा देणारी वचनेही पुराणांत आहेत, आणि मत्स्यपुराणाच्या निषेधातच ऐश्वर्य, लोभ व मोह ही कारणे जोडलेली असल्यामुळे निषेधाचा रोख वाहनापेक्षा वाहनाच्या मिजाशीवर आहे असा अर्थ लावण्यास आधार मिळतो. महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्राप्रकरण याच दिशेने बोलते: यज्ञाला द्रव्य लागते, ते दरिद्री माणसाजवळ नसते, म्हणून त्याच्यासाठी तीर्थयात्रा सांगितली आहे, आणि ज्याचे हात, पाय व मन संयमित आहे त्यालाच तीर्थाचे फळ मिळते. यज्ञापुढे यात्रा उभी केली ती निर्धनासाठी. तिच्यातही जर श्रीमंताने पैशाच्या बळावर आघाडी घेतली, तर ती सांगण्याचे प्रयोजनच उरत नाही.

विमान या प्रतवारीत कोठे बसते? त्याला ना बैल ओढतो ना घोडा, आणि भोयांच्या खांद्यावरही ते नसते. वरवर पाहता ते दोषमुक्त ठरावे. तथापि बैल, घोडा आणि माणूस या क्रमामागील विचार असा दिसतो की यात्रेकरूच्या देहाचा भार दुसऱ्या कोणत्या तरी देहाने सोसू नये, आणि हा विचार मान्य केला तर इंधनाचा प्रश्न सहजासहजी टाळता येत नाही. देशांतर्गत मार्गांवर धावणारे एअरबस ए३२० जातीचे विमान तासाला सुमारे अडीच टन इंधन जाळते, आणि त्याच्या धुराचा भार कोणीतरी सोसतोच. परंतु वाहनाच्या दोषापेक्षा मोठा फरक दुसरीकडे आहे, आणि तो समजण्यासाठी वैशेषिक दर्शनाची मदत घ्यावी लागते.

वैशेषिक हे पदार्थांची मोजदाद करणारे दर्शन आहे. त्याने दिक्, म्हणजे अवकाश, आणि काल यांना दोन स्वतंत्र द्रव्ये मानले, आणि परत्व व अपरत्व, म्हणजे दूरपणा व जवळपणा, यांना गुणांच्या यादीत स्थान दिले. काशीत आणि काशीबाहेर पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आलेल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातही हे परत्व दोन प्रकारचे सांगितले आहे: दिक्कृत, ज्यामुळे एक गाव दुसऱ्याहून लांब ठरते, आणि कालकृत, ज्यामुळे एक माणूस दुसऱ्याहून थोरला ठरतो. (नुसते काशीला गेल्याने कोणी अन्नंभट्ट होत नाही, अशी एक म्हण पंडितांत रूढ आहे, तीर्थफळाच्या चर्चेत ती आठवणे अप्रस्तुत नाही.) प्रशस्तपादाच्या भाष्यात दिक्कृत परत्वाची जी उपपत्ती आहे ती येथे महत्त्वाची ठरते. पाहणारा आणि वस्तू यांच्या मधे जितके संयोग अधिक, म्हणजे एकाला एक लागून असलेल्या मूर्त पदार्थांची साखळी जितकी लांब, तितकी ती वस्तू दूर. आणि हा दूरपणा उत्पन्न होण्यासाठी अपेक्षाबुद्धी, म्हणजे दोहोंची तुलना करणारी जाणीव, लागते, जी संपली की तो गुणही नाहीसा होतो.

या दृष्टीने पाहता पायी यात्रेकरूच्या आणि विमानप्रवाशाच्या अंतरात किलोमीटरांचा फरक थोडा आणि संयोगांचा फरक अफाट आहे. गोदावरीचा उतार, विंध्याचा घाट, नर्मदेची होडी, वाटेतला ताप, पावसाने अडकवलेले गाव, धर्मशाळेतला भांडकुदळ सोबती, आणि बदलत जाणारी बोली हे सारे त्या साखळीचे दुवे होत. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेत गेले तेव्हा १८५७ चा उठाव त्यांच्या वाटेतला असाच एक दुवा ठरला, आणि त्यांच्या प्रवासवर्णनाचा बहुतेक भाग त्यानेच भरला. विमानातील प्रवाशाच्या जाणिवेत मुंबई आणि बाबतपूर यांच्यामध्ये खिडकी, आसन आणि चहाचा कप यांपलीकडे काही येत नाही. दूरत्व जाणिवेवर अवलंबून असेल तर त्याच्यापुरते ते निर्माणच होत नाही. म्हणून विमानाने अंतर कापले असे म्हणण्यापेक्षा ते अनुभवास येऊ दिले नाही असे म्हणणे अधिक काटेकोर होईल. रेल्वेने ही प्रक्रिया आधीच सुरू केली होती: १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग अखंड झाला आणि १८८७ मध्ये काशीजवळ गंगेवर डफरिन पूल, आजचा मालवीय पूल, उभा राहिला. तरीही रेल्वेच्या डब्यात इटारसी, जबलपूर, सतना ही नावे कानांवर पडत राहतात.

येथवर विमानाच्या बाजूने बोलण्यासारखे फारसे काही निघत नाही. परंतु धर्मशास्त्रात अंतराचा दुसराही एक विचार आहे, आणि तो यात्रेचा नसून मृत्यूचा आहे. आशौच म्हणजे आप्ताच्या मृत्यूनंतर पाळावयाचा सुतकाचा काळ. आप्त दूर देशी वारला तर तो किती पाळावा, हे ठरवताना देशांतर कशाला म्हणावे असा प्रश्न आला, आणि याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेसारख्या ग्रंथांनी त्याची अनेक उत्तरे जमवून ठेवली. मधे महानदी किंवा पर्वत आडवा येतो, किंवा जेथे भाषा बदलते, ते देशांतर, असे एक मत. साठ योजने म्हणजे देशांतर, असे दुसरे. कोणी चाळीस योजने सांगतात, कोणी तीस. आणि एक मत असे की दहा रात्रींत जेथून वार्ता ऐकू येत नाही ते देशांतर. योजनांचा हिशेब मुळातच निसरडा आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील कोष्टकाप्रमाणे चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश आणि चार क्रोशांचे योजन धरले तर योजन साडेचौदा किलोमीटरांच्या आसपास येते; त्याच भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत दिलेल्या पृथ्वीच्या ४९६७ योजने परिघावरून काढले तर ते आठ किलोमीटरच भरते. साठ योजने म्हणजे पावणेनऊशे किलोमीटर की पावणेपाचशे, हे म्हणून निश्चित सांगता येत नाही. मात्र कोणत्याही मापाने पुणे आणि काशी परस्परांसाठी देशांतरच ठरतात.

या मतांत सर्वांत चिकित्सक मत वार्तेचे आहे, कारण ते अंतराला लांबीतून सोडवून काळात नेते. त्याच्या मागे एक कठोर वस्तुस्थिती उभी होती. देशांतरी गेलेल्या माणसाची वार्ता दीर्घकाळ, काही ग्रंथांच्या मते बारा वर्षे, आली नाही तर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचा दाहसंस्कार करण्याचा विधी सांगितलेला आहे; तो योजने मोजून होत नसे, वार्ता थांबल्याने होत असे. आज न्यूयॉर्कमधील निधनाची बातमी काशीत काही क्षणांत पोहोचते, आणि या कसोटीने पृथ्वीवर देशांतर म्हणावे अशी जागा जवळजवळ उरलेली नाही. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर असून तो प्रवास पंधरा-सोळा तासांचा आहे, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरील वेगवान वाऱ्यांमुळे परतीच्या दिशेने तो बहुधा आणखी कमी वेळात होतो. म्हणजे एकाच अंतराला दोन प्रवासकाळ असतात. वार्ता क्षणात आणि देह पंधरा तासांत, अशी फारकत शास्त्रकारांनी पाहिलेली नव्हती, कारण त्यांच्या काळात वार्ता माणसाच्याच पायांनी चालत असे.

या फारकतीत विमानाची बाजू एकदम भक्कम होते. मृताच्या अस्थी दहा दिवसांच्या आत गंगेत पडल्या तर गंगातीरी मरण आल्यासारखे फळ मिळते, असे वचन निबंधग्रंथांत आढळते. ज्या काळात हे वचन लिहिले गेले त्या काळात पुण्याच्या किंवा पैठणच्या माणसाला ते पाळणे शक्यच नव्हते. अडीच महिन्यांची वाट दहा दिवसांत कोणी चालू शकत नाही. गंगेच्या काठी राहणाऱ्यांपुरते असलेले हे फळ विमानाने दख्खनच्या आणि सातासमुद्रापलीकडच्या मराठी कुटुंबाच्याही आवाक्यात आणले आहे. यात्रेत जे यान फळ कमी करते तेच यान अस्थिविसर्जनात फळ देते, आणि यात विसंगती नाही. यात्रेत काळ हा साधनेचा भाग आहे, तर अस्थींच्या बाबतीत तो मुदत आहे. तिथीच्या बाबतीत तर अंतराची बाधाच येत नाही. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते, आणि तो क्षण न्यूयॉर्कला आणि राजा घाटावर एकच असतो. निराळी असतात ती घड्याळे आणि सूर्योदय. म्हणून मृत्यूसमयीची तिथी दोन्हीकडे एकच धरावी लागते, आणि श्राद्धाचा अपराह्ण मात्र कर्त्याच्या ठिकाणचा घ्यावा लागतो.

देशांतराच्या चर्चेत एक अपवाद आहे, आणि सगळ्या योजनांपेक्षा त्याला अधिक वजन द्यावे लागते. दूरच्या सपिंडाच्या, म्हणजे सात पिढ्यांतील भाऊबंदाच्या, मृत्यूची बातमी देशांतरात दहा दिवस उलटल्यावर आली तर निव्वळ स्नानाने शुद्धी होते असे मत आहे. परंतु आई किंवा वडील वारले असतील तर पुत्राने तो कितीही दूर असला तरी ऐकल्या दिवसापासून पूर्ण दहा दिवस आशौच पाळावे, असे मिताक्षरेने घेतलेले वचन सांगते. अंतराच्या इतक्या व्याख्या करणाऱ्या शास्त्राने आईबापांच्या बाबतीत एकही व्याख्या लागू होऊ दिली नाही.

यावरून निर्णयाची दिशा पुरेशी स्पष्ट होते. अस्थी घेऊन जाणाऱ्याने विमानाचा दोष मनात आणण्याचे कारण नाही, आणि यजमानाला त्या दोषाचे भय दाखवणाऱ्या पुरोहितास ग्रंथांचा आधार नाही. यात्रेचे मात्र तसे नाही. निघण्यापूर्वीचा उपवास, गणेशपूजन व श्राद्ध, पोहोचल्यावरचा उपवास, मुंडन, स्नान व तीर्थश्राद्ध हे विधी वाटेच्या दोन टोकांना बांधलेले आहेत. विमानाने मधली वाट काढून घेतली तरी ही दोन टोके शाबूत राहतात, आणि ती शाबूत राखणाऱ्या प्रवाशाला यात्रेकरू म्हणण्यास हरकत नसावी. सकाळच्या विमानाने येऊन दर्शन आटोपून संध्याकाळच्या विमानाने परतणाऱ्याने केलेली गोष्ट काशीयात्रा नव्हे. ती काशीची भेट आहे, आणि तिला फळ नसेलच असे नाही, पण ते यात्रेचे म्हणून मागता येणार नाही. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायण भट्टांनी सोळाव्या शतकात काशीत बसून त्रिस्थलीसेतू लिहिला आणि त्यांचे नातू कमलाकर भट्ट यांनी १६१२ मध्ये निर्णयसिंधू पूर्ण केला, तेव्हा दोघांनीही जुनी वचने आपल्या काळातील यात्रेकरूच्या अडचणींपुढे ठेवून निर्णय दिले. क्षणात पोहोचणारी वार्ता आणि तासांत पोहोचणारा देह यांच्यासाठी देशांतराचा तसा निर्णय आजच्या शास्त्रीमंडळींनी आणि पंचांगकर्त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहून द्यावा. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्याची गरज आहे.